बागेतली पाटी

आपल्याकडच्या बागांतल्या पाट्या बहुतेक दटावणाऱ्याच: फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये. या आठवड्यात सोसायटीतल्या मुलांनी प्राजक्ताखाली रोवलेली पाटी पाहिली आणि जीव सुखावला. वर ‘प्राजक्त’, खाली ‘रात्री फुलतो, सकाळी वेचायला या’. अशी पाटी दारोदारी हवी आणि ती हातानेच रंगवलेली हवी. फ्लेक्सला बागेत जागा नाही. सुताराकडे सागाचा उरलासुरला तुकडा मिळतोच. आधी 80 नंबरच्या, मग 120च्या पॉलिश पेपरने घासायचा, प्रायमरचा हात द्यायचा, वाळला की ऑइल पेंट. गेरू लावलेला दोरा ताणून टिचकी मारली की शिरोरेघेसाठी सरळ रेषा उमटते. अक्षरं तिलाच लटकवत न्यायची, म्हणजे ओळ उतरणीला लागत नाही. फळीच्या कापलेल्या टोकांना मात्र रंगाचे दोन हात जास्त द्या, कारण लाकूड सर्वाधिक पाणी पितं ते तिथूनच, आणि आपला पाऊस चार महिन्यांचा! आणि कृपा करून पाटी खोडाला ठोकू नका. सालीच्या लगेच आत खोडाची जाडी वाढवणारा कोवळा थर असतो, खिळा त्यालाच भोक पाडतो. पुढे खोड फुगतं तसं ते खिळ्याचं डोकं आणि पाटीची कडाही गिळू लागतं. झाडाचं नाव लिहायला झाडालाच जखम कशाला? दोन फुटी खुंटी घ्या, मातीत जाणाऱ्या भागाला डांबर फासा आणि खोडापासून हातभर दूर, मुळं चुकवून रोवा.