पानिपतचा 'जर' आणि पाटीचा 'जर'



आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, ही म्हण आपण पोरासोरांना ऐकवतो. पण तीच म्हण ऐकवणारी शहाणी माणसे पारावर बसली की पानिपतची लढाई रोज नव्याने जिंकतात. सदाशिवरावभाऊंनी बुणगे मागे ठेवले असते तर! मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांचा गनिमी काव्याचा सल्ला मानला असता तर! १४ जानेवारी १७६१ उजाडण्याआधी छावणीत रसद पोचली असती तर! मग म्हणे अटकेपारचा झेंडा कायम राहिला असता, इंग्रजाला बंगालबाहेर पाऊल टाकता आले नसते, आणि सारा हिंदुस्थान पुण्याच्या तालावर चालला असता. या जर-तरचा जरतारी शेला पांघरून व्याख्यानमाला होतात, पुस्तके खपतात, आणि आपली मुलेही टाळ्या पिटतात.

पानिपतावर जे पडले त्यांना आमचा मुजरा आहे. त्यांत आपलेच वाडवडील होते. पण त्यांची मोजदाद कशी झाली ते ऐका. पुढे पेशव्यांच्या हाती एक सावकारी पत्र पडले म्हणून सांगतात. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती हरवला त्याचा हिशेबच नाही, अशा अर्थाचा त्यातला मजकूर. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा कोण? नांगर सोडून भाला धरलेला कुणबी, घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद, पखाल वाहणारा भिस्ती, खोगीर शिवणारा चांभार! ज्यांची गणतीच कोणी केली नाही, त्यांच्या वंशजांनी मोती शाबूत राहिले असते तर काय झाले असते याची काळजी वाहावी, हा कोठला न्याय? छावणीत दाणावैरण संपून माणसे व जनावरे उपाशी मरत होती, त्याच १७६० च्या डिसेंबरात नानासाहेब पेशवे पैठणास दुसऱ्या लग्नाच्या बोहल्यावर उभे होते. हा घडलेला इतिहास आहे, जर-तर नव्हे.

बरे, पानिपत जिंकले असते तर रयतेच्या पदरात काय पडले असते, हे कळायला कल्पनेचे घोडे दौडवायला नकोत. हरलेला डाव दहा वर्षांत वळला. १७७१ साली महादजी शिंदे प्रभृतींनी दिल्ली घेतली. १७८४ साली बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक केले आणि महादजी त्यांचे मुतालिक म्हणून कारभार पाहू लागले. १८०३ साली इंग्रजांनी दिल्ली घेईपर्यंत, मधले चढउतार सोडले तर, तेथे शिंद्यांचा शब्द चालत होता. म्हणजे पानिपतचा 'जर' बराचसा खरा होऊन गेला! मग त्या तीस-बत्तीस वर्षांत कुणब्याच्या पोराच्या हाती पाटी आली काय? महारामांगांच्या अंगावरची विटाळाची बेडी तुटली काय? उलट, श्रावणमासी पुण्यात पर्वतीच्या रमण्यात हजारो ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात होती. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत महाल चढ्या बोलीने मक्त्याला दिले जाऊ लागले. मक्तेदाराने ती बोली कोणाच्या खळ्यातून भरून काढली, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तख्त दिल्लीचे असो की पुण्याचे, ज्याला कागद वाचता येत नव्हता तो दोन्हीकडे खुर्दाच राहिला.

आता आम्ही दुसरा एक 'जर' आपल्यापुढे ठेवतो. त्यावर कोणी व्याख्यान देत नाही.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनला निवेदन दिले. त्यांचे म्हणणे साधे होते. सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते. शेतसाऱ्याशिवाय रुपयामागे एक आणा लोकलफंडही कुणबीच भरतो. आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो. तेव्हा निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातून नेमा, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे. त्यांना पोटभर पगार द्या. मोडी, बाळबोध व हिशेब यांच्या जोडीला शेतीचे व आरोग्याचे ज्ञान द्या. हे मागणे काही आकाशातला चंद्र नव्हते. जपानने १८७२ सालीच सार्वत्रिक शिक्षणाचा हुकूम काढला होता, आणि खुद्द इंग्लंडात १८८० साली शाळा सक्तीची झाली होती. विलायतेच्या मजुराच्या पोराला जे औषध, ते आमच्या पोराला विष कसे? पण कमिशनचा अहवाल आला आणि सक्ती बासनातच राहिली.

ते मागणे मान्य झाले असते तर? सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांचे कागद जाळले, कारण न वाचता येणारा कागद हाच त्यांच्या गळ्याचा फास झाला होता. १८८२ साली सहा वर्षांचा पोर शाळेत बसता, तर १८९० पर्यंत तोच बापाला म्हणता, "आबा, अंगठा उठवू नका, आधी मी वाचतो." १८९६-९७ च्या दुष्काळात सरकारी नियमांत रयतेचा काय हक्क आहे, हे सांगायला शहरातून माणसे यावी लागली नसती. त्या पोराचा नातू १९५१ च्या शिरगणतीत मोजला गेला असता. त्या शिरगणतीत प्रत्यक्षात देशात शंभरांत सुमारे अठरा माणसे साक्षर निघाली. बायांत तर शंभरांत नऊही नाहीत. हे आपले पानिपत नव्हे काय?

यावर शहाणे म्हणतील, इतिहासात जर-तरला अर्थ नसतो. वा रे न्याय! पानिपतच्या जर-तरला अर्थ आहे आणि पाटीच्या जर-तरला नाही? शिवाय आमचा 'जर' हवेतला नव्हे. त्याचा पडताळा झालेला आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केले. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीरात तेच केले. संस्थानांना जे जमले ते एवढ्या बलाढ्य साम्राज्याला का जमले नाही? पैसा नव्हता, की मन नव्हते?

आम्ही जात पाहून नव्हे, करणी पाहून बोलतो. गोपाळ कृष्ण गोखले जातीने चित्पावन. पण सक्तीच्या शिक्षणाचे बिल १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनीच आणले, याबद्दल त्यांना आमचे वंदन. १९ मार्च १९१२ रोजी ते बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत रुजला; 'अडतीस विरुद्ध तेरा' मात्र आपल्या एकाही पोराला ठाऊक नाही. पुढे १९५० च्या राज्यघटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण देण्याचा प्रयत्न करू म्हटले. प्रत्यक्ष हक्काचा कायदा झाला २००९ साली, अंमल सुरू झाला १ एप्रिल २०१० रोजी. फुल्यांच्या निवेदनापासून मोजा: एकशे सत्तावीस वर्षांहून अधिक!

हे उगाळायचे कारण, निर्णय आजही होत आहेत. २०२३ साली आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. कागदावर ते शहाणपणाचे दिसते. पण आम्ही वाडीवर शिकवतो, म्हणून आम्हांला कागदापलीकडचा ओढा दिसतो. शाळा दोन कोस लांब गेली की पहिल्याच पावसाला पोरगी घरी बसते, मग धाकट्या भावाला सांभाळते, मग तिचे लग्न होते. पट सतरा आहे म्हणून शाळा नको, असे म्हणणाऱ्याच्या हिशेबी ती सतरा पोरे म्हणजे पुन्हा खुर्दाच.

म्हणून आमचे एवढेच मागणे आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. पारावर भाऊसाहेबांची चूक तावातावाने सांगणाऱ्या प्रत्येक गड्याने, आणि चुलीपुढून उठून प्रत्येक बाईने, पुढच्या सभेला जावे. पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांनी त्याच पारावर बसून "त्या दिवशी आजी-आजोबांनी हात वर केला असता तर" असे म्हणू नये. आमच्या वाडीची शाळा बंद करण्यास या गावाची संमती नाही, एवढी एक ओळ प्रोसिडिंग बुकात लिहून घ्यावी, ती मोठ्याने वाचून दाखवायला लावावी, आणि तिच्याखाली अंगठा नव्हे, सही करावी.