मराठीची शिक्षा कशाला?

बँकेच्या नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या. नव्या गावातले पहिले सहा महिने गॅस, दूधवाला आणि मुलाची शाळा यांतच जात. त्यामुळे मुलगा-सून पुण्याहून न्यू जर्सीला निघाले तेव्हा मी अधिकारवाणीने म्हणालो, "आणखी एक बदली समजा. सहा महिन्यांत रुळाल." वर्षभरात निदान झालं, तीन वर्षांच्या नातवाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे. माझा बदल्यांचा अनुभव तिथेच संपला.

मी फोनवर लगेच तोडगा काढला. "कुणाला सांगू नका. वर्षभर त्याला इकडे पाठवा, आम्ही बघतो." बोलण्यात माया होती, पण 'लोक काय म्हणतील' हेही होतं. सुनेने शांतपणे विचारलं, "बाबा, तिथल्या कुठल्या शाळेत घालाल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या १९९५च्या अपंग कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. ती आली २०१६च्या कायद्यात. अमेरिकेत अपंग मुलांच्या मोफत शिक्षणाचा कायदा १९७५चा, आणि त्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख १९९०पासून. तीन वर्षांपुढच्या अशा मुलासाठी सरकारी शाळेने पालकांना बरोबर घेऊन स्वतंत्र आराखडा करायचा असतो. व्हिसा कुठला, हा प्रश्न तिथे येत नाही.

व्हिसाची टांगती तलवार घरात मात्र असते. मुलाची नोकरी गेली, तर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. सुनेला त्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही. दिवसभर ती आणि मूल. तिला चहाला बोलावणारी शेजारीण नाही, तासभर मूल सांभाळणारी मावशी नाही.

आम्ही दोघं तिकडे गेलो, तेव्हा घर फार शांत वाटलं. कारण नंतर कळलं. वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंनी सांगितलं होतं, घरात एकच भाषा बोला, आणि ती इंग्रजी. दोन भाषांनी मूल गोंधळेल. दोघांनी ते पथ्यासारखं पाळलं. सुनेचं इंग्रजी उत्तम, पण ते ऑफिसचं. रडणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन थोपटायचं इंग्रजी तिला कुणी शिकवलंच नव्हतं. माझी बायको तर मुकीच झाली. नातू जवळ आला की ती नुसतं हसायची.

पुण्यात असताना हा मुलगा तहान लागली की "पाणी हवंय का?" म्हणायचा. स्वमग्न मुलं पुष्कळदा ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत करतात, आणि त्यातूनच मागतात. तेही आता बंद झालं होतं.

त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. पण स्वमग्नतेच्या इतिहासात आईला दोषी धरण्याची खोड जुनी आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या अवस्थेचं वर्णन केलं. त्यानंतर कित्येक वर्षं आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले. ते खोटं ठरलं. आता आईऐवजी तिच्या भाषेवर संशय. अलीकडच्या अभ्यासांत एकभाषी आणि द्विभाषी स्वमग्न मुलांची तुलना झाली, तेव्हा दुसऱ्या भाषेमुळे मूल मागे पडतं, असं दिसलेलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. इंग्रजी शाळा शिकवेल. मराठी घराशिवाय कोण शिकवणार? ज्या मुलाला मोजकेच शब्द येणार असतील, त्याला त्याच्या आजीशी बोलता येणारे शब्द आधी द्यावेत. आणि आपण इथे बसलेल्यांनी फोनवरून तोडगे देणं थांबवावं. "आज तो काय जेवला?" एवढं विचारावं. माझ्या सुनेला तो प्रश्न वर्षभर कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

शाळेच्या पुढच्या बैठकीत दोघांनी विषय काढला. तिथल्या शिक्षिकेने चित्रांच्या कार्डांवर मराठी शब्दही लिहून घेतले आणि म्हणाली, घरी तुमचीच भाषा बोला. त्या रात्री बायको कितीतरी वेळ त्याच्याशी बडबडत होती.

निघायच्या आठवड्यात तो तिच्यापुढे रिकामा पेला घेऊन उभा राहिला. "पाणी हवंय का?"

"हवंय रे राजा," ती म्हणाली, आणि पेला भरून त्याच्या हातात दिला.