संगणकावरचे गाणे: थोडे काढा, आवाज सुधारेल

दिवसभराची कामे आटोपून सीडीवरून उतरवलेले जुने नाट्यगीत संगणकावर लावावे आणि तान रंगात आली असतानाच आवाज कडकड करू लागावा, हा अनुभव पुष्कळांना येतो. मग कुणी महागडे साउंड कार्ड सुचवतो, कुणी ‘आवाज सुधारणारे’ सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घेतो. खरे तर बहुतेक घरांत यांपैकी कशाचीच गरज नसते.

गाणे संगणकात आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. सीडीवर डाव्या आणि उजव्या बाजूसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो, त्यामुळे एवढे आकडे पुरेसे ठरतात. संगणकाने ते वेळेवर आणि न बदलता पुढे पोचवायचे असतात.

आधी वेळेचे पाहू. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरावे तसे हे आकडे एका छोट्या साठ्यात जमा होतात. संगणक दुसऱ्या कामात अडकला आणि टाकी रिकामी झाली, की आवाज तुटतो. म्हणून गाणे ऐकताना नको असलेले प्रोग्राम बंद करा. लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडवर असेल तर तो बदला. ध्वनीचे आणि वाय-फायचे ड्रायव्हर उत्पादकाकडूनच घ्या.

आता न बदलण्याचे. विंडोजच्या ‘साउंड’ सेटिंगमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ ही सोय असते. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला तिची मदत होते. पण चांगल्या हेडफोनवर तिच्यामुळे डग्गा उगाच घुमू शकतो. ती बंद करून पाहा. तिथेच ‘फॉरमॅट’मध्ये सीडीच्या गाण्यांसाठी ४४,१०० निवडता येते. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ‘एक्सक्लूझिव्ह मोड’ही आहे. त्यात गाणे वाजवणारा प्रोग्राम साउंड कार्डाशी थेट बोलतो आणि इतर प्रोग्रामचे आवाज मध्ये मिसळत नाहीत.

मात्र यासाठी रात्री जागवू नका. १९९७ च्या एसी-९७ पद्धतीच्या अनेक चिप ४८,००० आकड्यांवरच चालत आणि त्यांचे रूपांतर ओबडधोबड असे. आजच्या संगणकांत ते इतक्या सफाईने होते, की फरक ओळखणे कठीण. जुने सल्ले मात्र अजून फिरतातच.

त्यातला एक सल्ला धोक्याचा आहे: आवाजासाठी अँटीव्हायरस आणि सुरक्षा अपडेट कायमचे बंद करणे. याच संगणकावर घरचे बँकेचे व्यवहार होतात, मुलांचा अभ्यास असतो. एका तानेपायी घराची कडी उघडी ठेवणे शहाणपणाचे नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि तेच गाणे पुन्हा ऐका. घरातल्या कुणाला तरी न सांगता सेटिंग बदलायला सांगा. आजोबांनी डोळे मिटून फरक बरोबर ओळखला, तर तो बदल राहू द्या. नाही ओळखला, तर पैसे वाचवा; ते पुढे चांगल्या हेडफोनसाठी कामी येतील. त्याचा फरक मात्र कानाला नक्की कळेल.