घर बाईच्या नावावर, मग भाडं कुणाच्या हातात?



आपल्या यावल-फैजपूर भागात दुकानातून चार पैसे साठले की हल्ली पहिला विचार भाड्याच्या घराचा होतो. तहसील, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, शाळा यांच्यामुळे यावलला बदलीवर आलेली माणसं घर शोधतच असतात. सौदा ठरत आला की घरातलं कुणीतरी म्हणतं, "हिच्या नावावर घेऊ."

कारण साधं आहे. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. सोबत नवऱ्याचं नाव लावलं की सवलत गेली. पंचवीस लाखांच्या घराला पंचवीस हजार वाचतात. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, तीही अट 2023 मध्ये निघाली.

पंचवीस हजार जरूर वाचवावेत. माझं म्हणणं पुढचं आहे. बाई नोंदणी कार्यालयात जाते, फोटो काढते, अंगठा देते. मग खरेदीखत कपाटात, भाडं 'यांच्या' खात्यात, आणि भाडेकरू कोण आला हे तिला महिन्याने कळतं. विचारलं तर उत्तर तयार असतं, "कर तर मलाच भरायचाय." खरं आहे, नवऱ्याच्या पैशातून बायकोच्या नावावर घेतलेल्या घराचं भाडं प्राप्तिकरात बहुधा त्याच्याच उत्पन्नात धरतात. पण तो कराचा हिशोब झाला, मालकी त्याने बदलत नाही. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, आणि त्याचं कलम 14 बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकीण मानतं.

जबाबदारीही नावामागे येते. स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार लिहून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, आणि तो नोंदवणं घरमालकाचं काम. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. तो घरमालक म्हणजे तुम्ही, दुकानात बसलेले शेठजी नाहीत!

दुरुस्तीचा निर्णयही म्हणूनच आपला. जुनं धाब्याचं घर घेतलं की पुरुषांचा जीव टाईल्स आणि रंगात. भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के वजावट मिळते, खर्च कमी करा की जास्त. तेव्हा "खर्च दाखवता येईल" म्हणून फरशी बदलण्यात काही अर्थ नाही. आधी छत, मग वायरिंग, संडास, पाण्याची टाकी. ओल मुरलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग द्या, एका पावसाळ्यात लीलण-फूलण धरते. तिथे रोज घासपूस, रोज विराधना, आणि भाडेकरूच्या लेकराला खोकला. गळती आधी थांबवणं हीच त्या घरातली जीवदया. मातीचं छत उकलायचं तर माघ-फाल्गुनात काढा. चौमासा लागला की मुंग्या, उधई, गांडुळं सगळीकडे असतात, आणि गवंडीही पावसात छत उघडत नाही. लाकडाला उधई लागलेली असेल तर विष फवारण्याआधी ती तुळई बदलता येते का ते सुताराला विचारा. सागवान महाग पडतं म्हणून घरचे कुरकुरतील, कुरकुरू द्या.

आता धर्माचं. परिग्रह-परिमाणाची मर्यादा घेताना आपण खेत्त-वत्थु, म्हणजे जमीन आणि घरं, मोजतो. एक-दोघींनी मला विचारलं, "घर नुसतं नावाला माझं आहे, ते माझ्या मर्यादेत कसं धरायचं?" मला हे उत्तर पटत नाही. सरकारला सांगताना घर माझं आणि व्रत घेताना यांचं, असं दोन्हीकडून सोयीचं कसं चालेल? नावावर आहे तर मर्यादेत धरा. आणि मर्यादेत धरलं, त्याचा दोष आपल्या माथी घेतला, तर भाड्यातून साधर्मिक मदतीला किती जाईल, पांजरापोळला किती, हे ठरवायचा हक्कही मागा. परिग्रह आपला आणि दान मात्र शेठजींच्या नावाच्या पाटीवर, हे मला अजिबात मान्य नाही.

सौदा चालू असतानाच आपल्या एकटीच्या नावाचं बँक खातं उघडा, आणि भाडेकराराच्या मसुद्यात तोच खाते क्रमांक लिहायला सांगा. खरेदीखत झाल्यावर हा विषय घरात काढणं फार अवघड जातं.