‘पठाण’ने टाळलेला प्रश्न

सिद्धार्थ आनंद यांचा ‘पठाण’ २५ जानेवारी २०२३ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा बहिष्काराची हाकाटी चालू होती. एका गाण्यातील भगव्या वस्त्रावरून चित्रपट बंद पाडू पाहणाऱ्यांना प्रेक्षकांनी तिकिटे काढून उत्तर दिले. जगभरचा गल्ला हजार कोटींच्या वर गेला. पुरोगामी मंडळींनी चित्रपटाची पाठराखण केली, ती योग्यच होती. परंतु चित्रपट दाखविण्याचा हक्क मान्य करणे वेगळे आणि त्याला चांगला म्हणणे वेगळे. या हेरकथेने हाती आलेल्या बीजांचे काय केले, हे विचारलेच पाहिजे.

बीजे सकस होती. जिम हा भारताचा माजी हेर. दहशतवाद्यांनी त्याला व त्याच्या गर्भवती पत्नीला ओलीस धरले, सरकारने खंडणी नाकारली आणि पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मारली गेली. पठाण व नंदिनी उभारतात ते पथक दुखापतीमुळे सेवेतून बाद ठरलेल्या माणसांचे. पाकिस्तानी हेर रुबाईला आपल्याच वरिष्ठांचा कट मान्य होत नाही. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: राज्यसंस्था ज्याला वापरते, त्या माणसाचे ती काही देणे लागते की नाही?

या प्रश्नाला चित्रपट भिडतच नाही. जिमची वेदना चटकन सांगून होते आणि मग तो विषाणूचा सौदा करणारा खलनायक उरतो. तो दुष्ट ठरला की त्याची तक्रारही आपोआप खोटी ठरते. वस्तुतः खंडणी नाकारण्यामागे सबळ कारणे असू शकतात. त्या कारणांची आणि जिमच्या दुःखाची समोरासमोर गाठ पडती, तर खरी शोकांतिका उभी राहिली असती. नायक मात्र एवढेच सांगून मोकळा होतो की, देशाने आपल्यासाठी काय केले हे सैनिक विचारीत नसतो. जायबंदी साथीदार नायकाच्या मागे उभे राहण्यापुरते उरतात, तर रुबाईच्या वाट्याला नाच आणि हाणामारी येते.

हेरकथेला हा विषय पेलत नाही, असे म्हणता येणार नाही. जॉन ल कारे यांच्या १९६३ च्या कादंबरीवरून मार्टिन रिट यांनी १९६५ मध्ये ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ हा चित्रपट काढला. त्यातील ब्रिटिश हेर आपल्याच खात्याच्या डावातले प्यादे ठरतो. तेथे हेलिकॉप्टरांच्या झुंजी नाहीत. पण शेवटी बर्लिनच्या भिंतीपाशी प्रेक्षक सुन्न होतो.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तर हा प्रश्न मुळीच परका नाही. ‘पठाण’मध्ये दिल्लीवर ‘रक्तबीज’ विषाणूचे संकट येते आणि त्यामागे सीमेपलीकडचा सेनानी असतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन १२ जणांचा बळी गेला. चौकशी समिती नेमली गेली. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत दुसऱ्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे मेली. घातक कारखाने हलविण्याच्या घोषणा पुन्हा झाल्या. येथे कोणी जिम नव्हता, शत्रूचा सेनानी नव्हता. होती ती तपासणीतील ढिलाई आणि कामगाराच्या जिवाची स्वस्ताई. त्यागाचा पाठ या कामगारालाही रोजच दिला जातो. त्याचे देणे कोणी चुकवायचे, हे मात्र कोणी बोलत नाही. संकट नेहमी बाहेरूनच येते, असे पडद्यावर वारंवार पाहिलेल्या समाजाला घरच्या बेपर्वाईचा जाब विचारणे अवघड जाते.

लोकलमध्ये दोन वेळा चेंगरून निघणाऱ्या माणसाला अडीच तासांची सुटका हवीशी वाटली, तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांनी तरुणांना चित्रपट पाहू नका, असेही सांगू नये. पाहून आलेल्यांशी जिमच्या तक्रारीविषयी बोलावे. तो गुन्हेगार होता, हे खरेच. पण त्याच्या तक्रारीला सरकारने काय उत्तर दिले, एवढे विचारावे. तेथून डोंबिवलीच्या कारखान्यापर्यंत बोलणे न्यायला फार वेळ लागणार नाही.