घोडीच्या पायालाही डॉक्टर हवा

चिखलीच्या जाधववाडीत बैलगाडा शर्यतीचा घाट भरला की नजरा बैलांवर खिळतात. त्यांच्यापुढे जीव तोडून पळणाऱ्या घोडीकडे लक्ष जातं ते ती लंगडली तरच. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी शर्यतींचा कायदा वैध ठरवला, पळणाऱ्या जनावराची पशुवैद्यकाकडून तपासणीही नियमात आहे. पण घोडीचा पाय गुडघ्यावर घेऊन, नालेचा खिळा कुठे रुतलाय ते चाचपून सांगणारी माणसं मोजकीच. ती आपल्याच मुलांतून घडू शकतात. आपल्याकडे ‘नीट’मध्ये एमबीबीएस हुकलं की घरात सुतक पडतं. त्याच ‘नीट’वर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा १८८६ पासून चालत आलेल्या परळच्या कॉलेजात प्रवेश मिळतो, हे कितीजणांना ठाऊक आहे? इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यास आहे, आणि चाकणच्या कंपनीत कंत्राटी असलेल्या बापाला तो पेलणं सोपं नाही, हे खरं. त्यासाठीच सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला सेतू केंद्रातून आत्ताच काढून ठेवा. ऐन प्रवेशात तिथे रांगा लागतात. शर्यतीच्या आयोजकांनाही विनंती आहे. बक्षिसात मोटारसायकली, चारचाकी वाटता, त्यातल्या एकीच्या किमतीत गावातल्या एखाद्या मुलीच्या पुस्तकांचा आणि खानावळीचा बराच खर्च भागेल. यंदाच्या यात्रा कमिटीच्या बैठकीत हा विषय मांडाच.