बाहुलीचे मेरिडियन

टॅपिंग, म्हणजे 'मेरिडियन' नावाच्या कथित ऊर्जावाहिन्यांवरच्या बिंदूंना बोटांनी टिचक्या मारून भीती घालवण्याची पद्धत, शिकायला दहा मिनिटं पुरतात; वेळ जातो तो त्याची परिभाषा पाठ करण्यात. तळहाताची करंगळीकडची कड म्हणजे 'कराटे चॉप पॉइंट'. ती बोटांनी ठोकत 'भीती वाटते, तरी मी स्वतःला स्वीकारतो' अशा धाटणीचं काही पुटपुटायचं, तो 'सेटअप'. मग भुवईपासून काखेखालपर्यंत टिचक्यांची फेरी. यातला शून्य ते दहा त्रास मोजणारा 'सड्स' तेवढा कामाचा, आणि तोच नेमका उसना, वर्तनचिकित्सक जोसेफ वोल्पे यांच्याकडचा. सगळ्यांत मासलेवाईक 'एपेक्स प्रॉब्लेम': बरं वाटूनही टॅपिंगला श्रेय न देणाऱ्या माणसाचं हे निदान! शंकेलाच दुखण्याचं नाव दिलं की वादच मिटला. हा शब्द टॅपिंगची मूळ पद्धत काढणाऱ्या रॉजर कॅलाहान यांचा. त्यांच्या पद्धतीवरूनच गॅरी क्रेग यांनी १९९०च्या दशकात सुटसुटीत 'ईएफटी' (इमोशनल फ्रीडम टेक्निक) बेतली. पण लोकांना बरं वाटतंच की, असं भक्तमंडळी म्हणतील. वाटतं, कबूल. मात्र २००३ साली प्रसिद्ध झालेल्या वेट आणि होल्डर यांच्या प्रयोगात काहींनी ठरलेल्या बिंदूंवर, काहींनी हातावर भलतीकडेच, तर काहींनी चक्क बाहुलीवर टिचक्या मारल्या. भीती तिन्ही गटांत सारखीच उतरली. म्हणजे गुण असलाच तर भीतीचं नाव घेऊन तिच्यासमोर थोडा वेळ बसण्यात आहे, आणि ते मानसोपचारात जुनंच आहे. त्याला ऊर्जेचं लेबल कशाला? बाहुलीच्या अंगातून कुठले मेरिडियन जातात, ते आधी दाखवा.